बीज, क्षेत्र आणि मेंढीचे सुख

आपल्या भाषेत दोन म्हणी अशा आहेत की, त्या एकमेकींस सरळ खोडून काढतात. एक म्हणते, 'खाण तशी माती'. दुसरी म्हणते, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. पहिलीच्या मते प्राणी जन्मतःच घडून येतो. दुसरीच्या मते ज्या दावणीला तो बांधला जातो ती दावण त्याला घडविते. मौज अशी की, एकच गृहस्थ प्रसंगानुसार या दोन्ही म्हणींचा उपयोग करतो. शेजाऱ्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला म्हणजे त्याला खाण आठवते, आणि स्वतःचा झाला म्हणजे पवळ्या आठवतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ हा वाद आलेला आहे, व कोठे बीजाला तर कोठे क्षेत्राला महत्त्व येते असे तेथे म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न नवा नव्हे. तो आपल्या घरातलाच आहे.

प्रस्तुत लेखात हाच जुना प्रश्न आम्ही एका मुक्या प्राण्याच्या संबंधाने विचारणार आहोत. तो प्राणी म्हणजे दुधासाठी पाळलेली मेंढी. आमच्याकडे दूध म्हटले की गाय व म्हैस डोळ्यांपुढे उभी राहते. धनगर मेंढरे पाळतो ती लोकरीकरिता, मांसाकरिता व शेतात बसविण्याकरिता. परंतु दक्षिण फ्रान्स, इटलीचे सार्डिनिया बेट, स्पेन, ग्रीस, इस्रायल इत्यादी ठिकाणी मेंढीचे दूध हा मोठा व्यवसाय आहे, व त्या दुधाचे चीज दूरदूरच्या देशांत जाते. या परक्या मेंढीच्या सुखदुःखाची उठाठेव आपण का करावी, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. आमच्यापैकी पुष्कळ कुटुंबे मांस वर्ज्य व दूध निर्दोष मानतात; दूध देणाऱ्या प्राण्याचे सुख कशावर अवलंबून असते हे जाणून घेणे त्यांना प्राप्तच आहे. दुसरे उत्तर असे की, माणसाचे बीज सहसा कोणी ठरवून पेरलेले नसते, म्हणून त्याच्या बाबतीत जन्माला दैव म्हणून मोकळे होता येते. मेंढीचे बीज व मेंढीचे क्षेत्र ही दोन्ही मात्र मनुष्यानेच ठरविलेली असतात. म्हणून येथे जबाबदारीचा प्रश्न जितका स्वच्छ विचारता येतो तितका अन्यत्र येत नाही.

हा संबंध किती जुना आहे हे सांगणारी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. आनुवंशाचे शास्त्र वाटाण्याच्या वाफ्यात जन्मले असे आपण शाळेत शिकतो, आणि मेंडेलने १८६५ साली ब्रनो येथे आपले प्रयोग वाचून दाखविले हे खरेही आहे. परंतु त्याच ब्रनो शहरात १८१४ पासून मेंढ्यांची पैदास करणाऱ्या जमीनदारांची एक मंडळी होती. लोकर सुधारण्यासाठी कोणता मेंढा कोणत्या मेंढीस द्यावा हा त्यांचा रोजचा व्यवहाराचा प्रश्न होता. त्यांच्यातील इम्रे फेस्टेटिक्स या हंगेरियन सरदाराने १८१९ साली मेंढ्यांच्या अनुभवावरून आनुवंशाचे काही नियम मांडले, आणि पुढे १८३७ च्या सुमारास ज्या मठात मेंडेल नंतर दाखल झाला त्याच मठाच्या महंताने, सीरिल नाप याने, मंडळीपुढे मूळचाच प्रश्न टाकला: आईबापांकडून संततीकडे जाते ते नेमके काय, आणि ते जाते कसे? म्हणजे आनुवंशाचा प्रश्न शास्त्राच्या दाराशी आला तो मेंढवाड्यातून आला. त्या मंडळींच्या चर्चेत लोकर होती, वजन होते, बाजारभाव होता. मेंढीला कसे वाटते हा प्रश्न नव्हता. पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाचे बीज या एका वगळण्यात आहे असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या प्रारंभी आम्हांस दक्षिण फ्रान्समधील लार्झाकच्या पठारावर जाण्याचा योग आला. पठार चुनखडीचे, उघडे व कोरडे. रोकफोर नावाचे प्रसिद्ध चीज याच भागात तयार होते. त्याला १९२५ साली कायद्याचे संरक्षण मिळाले, व ते केवळ लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधाचेच असावे असा आज नियम आहे. ज्या शेतकऱ्याकडे आम्ही उतरलो होतो त्याच्या वाड्यात संध्याकाळची धार यंत्राने चालली होती. मेंढ्या ओळीने येत, खाण्यात तोंड घालीत, आणि काही क्षणांत मोकळ्या होत. मध्येच एका मेंढीपाशी तो थबकला. तिच्या कासेचा एक भाग ताठरला होता. हात लावताच तिने पाय झाडला. आमचे गवळी ज्याला दगडी म्हणतात तोच हा कासेचा दाह. शेतकरी म्हणाला, 'हिची आईही अशीच होती.' आणि तिच्या पाठीवर रंगाची खूण करता करता त्याच दमात म्हणाला, 'यंदा वाड्यातला पेंढाही ओला राहिला.' आमच्या दोन्ही म्हणी आम्हांस चार हजार मैलांवर, परक्या भाषेत, एकाच माणसाच्या तोंडून ऐकू आल्या. दोन्ही विधाने खरी असण्याचा संभव होता. परंतु पहिल्या विधानाने तो स्वतः सुटत होता व दुसऱ्याने अडकत होता, आणि बोलताना त्याने सुटण्याचे आधी म्हटले होते. आम्ही त्याच्या जागी असतो तर तेच केले असते.

आता या लाकोन मेंढीचा इतिहास पाहा. १९६० च्या सुमारास तिच्यापासून एका वेतात, कोकरांचे दूध तोडल्यावर, सुमारे ८० लिटर दूध मिळे; शतक संपता संपता ते २७० लिटरांच्या आसपास गेले. यातील काही वाढ चांगल्या चाऱ्याची व निगेची, आणि बरीचशी वाढ पद्धतशीर निवडीची: हजारो मेंढ्यांच्या दुधाची नोंद ठेवावयाची, ज्या मेंढ्यांच्या लेकी अधिक दूध देतात ते मेंढे हेरावयाचे, आणि कृत्रिम रेतनाने त्यांचेच बीज सर्वत्र न्यावयाचे. मनुष्याच्या चिकाटीचा हा मोठाच पराक्रम आहे. परंतु २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी या जातीविषयी एक शोध प्रसिद्ध केला. एका जनुकात एकाच अक्षराइतका बदल झालेला आढळला. ज्या मेंढीत तो बदल आहे तिचे शरीर अधिक थोराड होते व दूधही अधिक येते. आणि तीच मेंढी कासेच्या दाहाला अधिक बळी पडते. कळपातील त्या जनुकाच्या सर्व प्रती मोजल्या तर सुमारे पंचमांश प्रती या बदललेल्या होत्या.

रोगट मेंढी निपजावी अशी इच्छा कोणीही केली नव्हती. दूध मोजले गेले, दाह बराच काळ मोजला गेला नाही. आणि जे मोजले जाते त्याच्या पदराला धरून न मोजलेलेही घरात येते. या निवडीत दुधातील पेशींचे प्रमाण, म्हणजे दाहाची खूण, आणि कासेची ठेवण यांचा हिशेब २००५ च्या सुमारास धरला जाऊ लागला. तोपर्यंत 'सुधारलेली जात' या शब्दांचा अर्थ 'अधिक दूध देणारी जात' एवढाच होता. सुधारणा या शब्दावर आमच्याकडे शंभर वर्षे वाद झाले आहेत, व कोणाची सुधारणा आणि कोणाच्या दृष्टीने, असे विचारण्याची आम्हांस त्या वादांनी सवय लाविली आहे. तीच सवय मेंढीच्या बाबतीतही उपयोगी पडते.

येथे कोणी म्हणेल की, मग सर्व दोष बीजाचाच ठरला. तसेही नाही. या बाबतीत शास्त्रज्ञ एक आकडा सांगतात, आणि त्या आकड्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाचा झाला नसेल. दूध देणाऱ्या मेंढ्यांत दुधाच्या प्रमाणाची आनुवंशिकता शेकडा ३० च्या आसपास आणि दुधातील पेशींची शेकडा १० ते १५ च्या आसपास मानली जाते. याचा अर्थ मेंढीच्या दाहापैकी दहावा हिस्सा आईबापांकडून व बाकीचा वाड्यातून येतो असा नव्हे. एका मेंढीच्या दाहाचे असे तुकडे पाडताच येत नाहीत. ओल्या पेंढ्यावाचून नाजूक कास दुखणार नाही, आणि कास चिवट असेल तर ओला पेंढाही निभून जाईल. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की, एका विशिष्ट कळपातील मेंढ्यामेंढ्यांत जो फरक आढळतो त्यापैकी तेवढा फरक वंशभेदाने उलगडतो. उद्या सर्व वाडे सारखेच कोरडे व स्वच्छ झाले, तर क्षेत्राचा फरक उरणार नाही. जो काही थोडा दाह राहील त्यात बीजाचा वाटा मोठा दिसेल आणि आकडा चढेल. बीजात तिळमात्र बदल झालेला नसेल. म्हणजे हा आकडा मेंढीच्या रक्ताचा गुण सांगत नाही. तो त्या रक्ताचा आणि त्या वाड्याचा संबंध सांगतो. 'हे रक्तातच आहे' असे म्हणून हात झटकणाऱ्यास त्यात काहीच आधार नाही.

तसेच आकडा लहान आहे म्हणून बीज निरुपयोगी, हेही खरे नव्हे. त्याच पठारावर ला फाज येथे फ्रान्सच्या सरकारी कृषि-संशोधन संस्थेचा मेंढवाडा आहे. तेथे लाकोन मेंढ्यांचे दोन वंश वेगळे वाढविले गेले, एक दुधात पेशी कमी असणारा व दुसरा अधिक असणारा. छप्पर तेच, पेंढा तोच, धार काढणारे हात तेच. तरीही दुसऱ्या वंशात प्रत्यक्ष दाहही अधिक आढळला. तेव्हा वाडा झाडून घेतला म्हणजे आपले काम संपले, हे समाधानही आपणांस उपलब्ध नाही.

बीज व क्षेत्र यांची ताटातूट केली म्हणजे काय होते याचे शिक्षण उत्तर समुद्राकाठच्या एका जातीने दिले आहे. जर्मनीच्या वायव्येस पूर्व फ्रीजलंड नावाचा सखल, ओलसर व गवताळ प्रदेश आहे. तेथील मेंढी दुधाच्या बाबतीत जगात अग्रगण्य. तिला बहुधा जुळी होतात. परंपरेने ती दोन-चार अशा लहान संख्येने, घरच्या माणसासारखी पाळली जाई. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांनी तिची कीर्ती ऐकून तिला आपल्याकडे नेले, उन्हात सोडले, मोठ्या कळपांत कोंडले. शुद्ध रक्ताच्या या मेंढ्या तेथे फुफ्फुसाच्या रोगांनी खंगल्या, कोकरे मेली. बीज तेच होते; गवत, हवा आणि सोबत बदलली होती. इस्रायलमध्ये शेवटी १९५५ पासून तिचा संकर तेथल्या काटक आवासी मेंढीशी करून आसाफ ही नवी जात घडविण्यात आली, आणि ती टिकली. सिसिलीतील दुभत्या मेंढ्यांविषयी २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यातही हेच निराळ्या रीतीने दिसते: उष्मा सोसण्याची शक्ती आणि दुधाची विपुलता यांचे बीजातच काहीसे वाकडे आहे, एकीसाठी निवड करीत गेले तर दुसरी मागे पडते. जसजसा उन्हाळा जगभर कडक होत आहे तसतसा हा वाकडेपणा अधिक भोवणार आहे.

हा विषय आमच्यापासून अगदीच दूर आहे असेही नव्हे. साताऱ्याकडील फलटण येथे निंबकर कृषि संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर जे काम केले आहे त्याची कहाणी मोठी उद्बोधक आहे. दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होते. बंगालच्या सुंदरबनातील गारोळ ही ठेंगणी मेंढी मात्र दोन-तीन कोकरे देते, आणि याला एक विशिष्ट जनुक कारण आहे. १७९२–९३ साली बंगालमधून ऑस्ट्रेलियात काही मेंढ्या गेल्या. तेथील बुरूला नावाच्या कळपाची प्रसिद्ध बहुप्रसवता त्यांच्याकडूनच आली असे आज मानले जाते. जनुकातील तो नेमका बदल २००१ साली सापडला. फलटणला हे जनुक दख्खनी मेंढीत आणले गेले, आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही जात उभी राहिली. तिच्या घडणीत इस्रायलच्या दुभत्या आवासी मेंढीचे रक्तही घेण्यात आले. दुभत्या मेंढीचे रक्त कशाला, असे वाचकास वाटेल. कारण येथे कोणी मेंढीचे दूध विकणार नव्हता. परंतु जिच्या कासेत एका कोकरापुरते दूध तिला दुसरे कोकरू देणे म्हणजे आईला झिजविणे व कोकराला उपाशी ठेवणे होय. एक गुण बीजात घातला की त्याला पोसणारा दुसरा गुण लागतो, आणि दोहोंना पोसणारा चारा लागतो. ज्या मेंढपाळाकडे माळावरच्या काड्यांपलीकडे काही नाही त्याच्या मेंढीला जुळ्यांचे जनुक देऊन चारा न देणारा मनुष्य तिच्यावर उपकार करीत नाही. तिच्या नावावर कर्ज काढतो.

येथवर आपण शरीराची गोष्ट केली. आता मनाकडे वळू. कारण आमच्या मते खरा नैतिक पेच तेथेच आहे.

मेंढीला मन कसले, असे म्हणण्याची सोय आता उरली नाही. केंब्रिजजवळील एका संशोधन संस्थेने २००१ साली दाखवून दिले की, मेंढी पन्नास निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते व ती ओळख दोन वर्षांपर्यंत टिकते. व्याल्यानंतर काही तासांतच ती आपल्या कोकराचा वास पक्का करते आणि मग दुसऱ्याचे कोकरू जवळ येऊ देत नाही. रोकफोरच्या प्रदेशात हे कोकरू सुमारे महिनाभर आईपाशी राहते; मग त्याचे दूध तोडतात. पुष्कळशी कोकरे खाटकाच्या वाटेने जातात, व आईची धार यंत्राला लागते. दुधात हिंसा नाही असे बालपणापासून मानीत आलेल्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

हा विरह, हे भय, सर्व मेंढ्यांस सारखेच होत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात लोकरीच्या मेंढ्यांचे शांत व भित्रे असे दोन वंश निवडीने तयार केले गेले. त्यांची कोकरे जन्मतःच एकमेकांच्या आयांना दिली गेली. कर्ण राधेच्या घरी वाढला तरी त्याचा स्वभाव सूताचा झाला नाही असे आपण म्हणतो. त्या प्रयोगातही कोकराचा स्वभाव मुख्यतः जन्मदात्या आईच्या बाजूने गेला. दुसरीकडे, लहानपणी माणसाने गोंजारलेली कोकरे पुढे माणसाला कमी बुजतात हेही सिद्ध आहे. ला फाज येथेच मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढ्यांवर असे दिसून आले की, कोकराला कळपापासून एकटे केले असता ते किती ओरडते हा गुण बराचसा वंशागत आहे, व निवडीने तो कमी वा अधिक करता येतो.

आता समजा, एखाद्या दुभत्या मेंढ्यांच्या मालकाने असा विचार केला: कोकरू तोडल्यावर मेंढ्या ओरडतात, ते ऐकवत नाही, शिवाय भ्यालेल्या मेंढीला पान्हाही नीट फुटत नाही. तेव्हा न ओरडणाऱ्या मेंढ्याच निवडू या. वीस पिढ्यांनी त्याचा वाडा शांत झाला. त्याने मेंढीचे दुःख कमी केले काय?

या प्रश्नाला आम्हांस सोपे उत्तर सापडलेले नाही. पहिली शंका अशी की, त्याने दुःख मोजले नव्हते. आवाज मोजला होता. ज्याप्रमाणे दूध मोजता मोजता न मोजलेला दाह पदरात आला, त्याप्रमाणे आवाजासाठी निवड करता करता सुखी मेंढीऐवजी केवळ मुकी मेंढी पदरात येण्याचा संभव आहे. ती आतल्या आत पूर्वीइतकीच भीत असेल, आणि आता ते कळण्याचे साधनही गेले असेल. दुसरी शंका अधिक खोल आहे. समजा, तिला खरोखरच काही वाटेनासे झाले. कोकरू आहे काय आणि गेले काय, सारखेच. तर दुःख नाही हे कबूल. परंतु ज्या मायेमुळे ते दुःख होत होते ती मायाही नाही. जो प्राणी आपल्या संततीला ओळखीत नाही, सोबतीला शोधीत नाही, त्याला दुःखापासून मुक्त म्हणावे की जगण्यातूनच वजा झालेला म्हणावे? बेंथॅमने १७८९ साली पशूंना दुःख होते की नाही हाच प्रश्न मुख्य ठरविला, व त्याचे ऋण मोठे आहे. परंतु दुःखाचा अभाव म्हणजेच कल्याण, हे समीकरण येथे अपुरे पडते.

याला एक तिखट प्रत्युत्तर आहे, व ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी म्हणेल: 'अमुक बीज दिले म्हणून तुम्ही त्या मेंढीवर अन्याय झाला म्हणता, पण दुसरे बीज दिले असते तर ती मेंढी जन्मलीच नसती, दुसरीच कोणी जन्मली असती. मग अन्याय झाला कोणावर?' तर्काच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु नीतीचा हिशेब केवळ फिर्यादीच्या नावाने चालत नाही. जो मनुष्य फुटके मडके पाणी भरण्यास घेतो त्याचा दोष मडक्याने तक्रार करण्यावर अवलंबून नसतो. जन्माला घालण्याचा अधिकार ज्याने स्वतःकडे घेतला त्याच्याकडे, जन्माला येणाऱ्याला पेलेल असेच आयुष्य आपण रचतो आहोत की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याच क्षणी आली. जन्मणारा जीव कोणता हे आधी ठरलेले नसते. पण पालकत्व आधीच सुरू झालेले असते.

ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीचा अहवाल १९६५ साली आला आणि त्यातून पुढे १९७९ साली पाळीव प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची यादी तयार झाली: भूकतहान, गैरसोय, दुखणे व भय यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. ही यादी मुख्यतः क्षेत्राच्या भाषेत लिहिलेली आहे. प्राणी जसा आहे तसा धरून त्याला काय द्यावे हे ती सांगते. पण प्राणीच जर आपण बदलीत असलो, तर एवढ्याने भागत नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरत्या दोन कसोट्या ठरविल्या आहेत.

पहिली कसोटी अशी: बीजातील हा बदल, दुधाचा थेंबही वाढला नसता तरी, मेंढीच्या हिताचा ठरला असता काय? दुसरी अशी: क्षेत्र सुधारणे आपल्या हाती असता ते टाळण्यासाठी तर आपण बीज बदलीत नाही ना? पूर्व फ्रीजलंडच्या मेंढीची शेपटी जन्मतः बारीक व बिनलोकरीची असते. त्यामुळे इतर जातींत स्वच्छतेसाठी शेपूट कापतात तसे तिचे कापावे लागत नाही. हा गुण दुसऱ्या जातीत आणला तर सुरी टळते. तो दोन्ही कसोट्यांस उतरतो. स्क्रेपी नावाचा मेंढ्यांचा मेंदूचा असाध्य रोग आहे. त्याला औषध नाही. तो सहसा होऊ न देणारे बीज असलेले मेंढे निवडण्याची मोहीम ब्रिटनने २००१ साली सुरू केली. तीही उतरते, कारण येथे वाडा कितीही सुधारला तरी काम भागत नव्हते. यंत्राला सोयीचे सड यावेत म्हणून केलेल्या निवडीविषयी आम्ही थोडे थांबून बोलू: तिने सडांच्या इजा टळत असतील तर मेंढीचेही हित आहे, पण यंत्रही आपणच बनविले आहे, आणि यंत्र बदलणे मेंढी बदलण्याहून अवघड असेल असे आम्हांस वाटत नाही. न ओरडणारी मेंढी मात्र दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. कोकरू आणखी काही आठवडे आईपाशी ठेवणे, दिवसा पाजू देऊन एकवेळच धार काढणे, तोडताना एकदम न तोडता हळूहळू तोडणे, हे क्षेत्रातले उपाय आपल्या हाती आहेत. त्यांना खर्च आहे. तो खर्च चुकविण्यासाठी मेंढीच्या स्वभावावर हात टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

'लेकी बोले सुने लागे' या न्यायाने कोणी हा विचार मनुष्यांस लावू पाहील, म्हणून एक इशारा देणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठ्या विद्वानांनी मेंढवाड्याचा न्याय माणसांच्या समाजाला लाविला; अमेरिकेतील अनेक संस्थानांनी सक्तीच्या वंध्यीकरणाचे कायदे केले, व जर्मनीने १९३३ साली तसाच कायदा करून पुढे काय केले हे जगास ठाऊक आहे. त्या विद्वानांचीही चूक तीच होती: दारिद्र्य, घाण व उपासमार हे क्षेत्राचे दोष त्यांनी बीजाच्या माथी मारले, कारण बीजाला दोष दिला म्हणजे क्षेत्र सुधारण्याचा खर्च वाचतो. मेंढीच्या बाबतीत ही सवय मोडली तर ती इतरत्रही मोडेल अशी आम्हांस आशा वाटते.

रोकफोरच्या नियमांत एक कलम आहे. गवत असेल व हवा अनुकूल असेल तेव्हा मेंढ्यांना रोज चरावयास सोडलेच पाहिजे, आणि बहुतेक चारा त्याच मुलखातला असला पाहिजे. ते कलम चीजच्या लौकिकासाठी केलेले आहे. परंतु त्याच्या आश्रयाने त्या पठारावरची मेंढी रोज उघड्या आकाशाखाली जाते. बीजाची नोंदवही जशी काटेकोर ठेविली जाते तशी क्षेत्राचीही ठेवता येते, एवढे तरी त्यावरून दिसते.

त्या संध्याकाळी रंगाची खूण झालेल्या मेंढीला शेतकऱ्याने इतरांपासून वेगळे काढून कोरड्या पेंढ्यावर बांधले. जेवताना तो म्हणाला की, हिची लेक आता कळपात ठेवणार नाही, आणि उद्या वाड्याचा पेंढा बदलीन. सकाळी आम्ही निघालो तेव्हा दोन गडी ओला पेंढा दाताळ्यांनी बाहेर ओढीत होते, आणि तो स्वतः नोंदवही घेऊन दारात उभा होता.